'मागे' दाबल्यावर पान का बाद होते?

सभासद बंधूंनो, उसाची गाडी काट्यावरून उतरली, पावती हाती आली, की तीच गाडी कोणी पुन्हा काट्यावर चढवत नाही. चढवलीच तर नोंद दोनदा व्हायची. ब्राउझरमधले 'मागे' बटण तसेच आहे.

परवा सेलूत एक सभासद ठिबकचा अर्ज भरत होते. पैसे भरल्यावर गट नंबर चुकल्याचे ध्यानात आले, म्हणून मागे दाबले. तर 'पेज एक्स्पायर्ड'! घाबरून 'पुन्हा पाठवा' दाबले अन् शुल्क दोनदा कापले गेले. रक्कम थोडी, पण हेलपाटे तीन.

नुसते बघायचे पान कितीदाही मागवा, बिघडत नाही. पण फॉर्म पाठवून आलेले पान परत दाखवायचे तर बहुधा तोच फॉर्म पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून ब्राउझर आधी विचारतो. क्रोममध्ये 'कन्फर्म फॉर्म रिसबमिशन' असे येते. हा बिघाड नव्हे, राखण आहे.

नुसता सातबारा शोधत असाल तर रिफ्रेश करून 'कंटिन्यू' दाबा, हरकत नाही. पैसे भरले असतील तर मात्र मुळीच दाबू नका; आधी बँकेचा एसएमएस आणि अर्जाची स्थिती बघा. दुरुस्तीला पानातलेच 'मागील' किंवा 'एडिट' बटण वापरावे. मध्येच चहाला गेलात तर लॉगिन संपते (हे माझेही झाले आहे). तेव्हा नव्याने लॉगिन करावे. अर्ज क्रमांक मिळताच ऊस नोंदीच्या वहीत लिहून ठेवा, पुढचे पान उघडायच्या आधी.