वहीतून गायब झालेला मंगळवार: विमानं बघण्याचा छंद आणि संशोधनाची नोंद

गावी, म्हणजे सडक अर्जुनीला गेले की कुणाच्या तरी प्रोजेक्टची वही हातात पडतेच. "ताई, तू पीएचडी करतेस ना, मग बघ जरा." या खेपेला आलेली वही विमानांची होती. शेजारच्या मुलाची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२३ च्या नवरात्रात तो मुंबईला कुर्ल्यात मामाकडे राहिला होता. रोज गच्चीवर बसून उतरणाऱ्या विमानांचे फोटो काढले, वेळ लिहिली, शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक टिपला. याला प्लेन स्पॉटिंग म्हणतात आणि जगभर हा छंद असलेली माणसं आहेत. त्याचा प्रश्न सरळ होता: "कुर्ल्यावरून दिवसाला किती विमानं जातात आणि त्याचा मामा-मामींना किती त्रास होतो, यावर पेपर होईल का?"

प्रश्न चांगला आहे. वहीही मेहनतीने भरलेली. पण १६ ऑक्टोबरच्या पानानंतर एकदम १८ ऑक्टोबर. मी विचारलं, १७ कुठं गेली? तो म्हणाला, "त्या दिवशी काहीच आलं नाही ना ताई, म्हणून लिहिलंच नाही."

आजचं लिखाण या उत्तरावर आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या पहिल्या वहीत हीच चूक असते. माझ्याही होती.

आधी जागा समजून घेऊ. मुंबईचा विमानतळ साष्टी बेटावर आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला समुद्र. लोकलने रोज पूल ओलांडणाऱ्यांनाही आपण बेटावर आहोत हे आठवत नाही, तो भाग वेगळा. या बेटावर दाटीच्या वस्तीत दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. मुख्य पट्टी ०९/२७, दुसरी १४/३२. हे आकडे म्हणजे होकायंत्राची दिशा, शेवटचं शून्य काढून: २७ म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिमेकडे तोंड करून, ०९ म्हणजे पूर्वेकडे. पट्ट्या छेदत असल्याने दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. त्यामुळे एका वेळी मुख्यतः एकाच पट्टीवर काम चालतं, आणि तरीही दिवसाची उड्डाणं-अवतरणं मिळून हजाराच्या वर गेल्याचे दिवस या विमानतळाने पाहिलेत.

विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उतरतं आणि उडतं. मुंबईत वारा बराच काळ समुद्राकडून येतो, म्हणून विमानं सहसा पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येतात आणि जुहूच्या बाजूला समुद्रावर उडून जातात. वारा फिरला आणि ०९ वापरात आली की चित्र उलटं होतं: विमानं समुद्राकडून उतरतात आणि कुर्ल्यावरून जातात ती उडणारी. उडणारं विमान वेगळ्या उंचीवर असतं, त्याचा आवाजही वेगळा. म्हणजे "कुर्ल्यावरून ४० विमानं गेली" हे वाक्य, उतरणारी की उडणारी हे लिहिल्याशिवाय, आवाजाच्या अभ्यासात फारसं कामाचं नाही.

आता १७ ऑक्टोबर. तो मंगळवार होता. पावसाळ्यानंतरच्या देखभालीसाठी त्या दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या बंद होत्या. असं काम ठरवून, आधी कळवून केलं जातं. आपला पोरगा गच्चीवर बसून होता, आकाश रिकामं होतं, आणि त्याच्या हातात त्या सबंध मुक्कामातली सगळ्यात मौल्यवान नोंद आली होती! विमानं नसताना कुर्ल्यात किती आवाज असतो, हे मोजायची ती संधी होती. रस्त्याचा, लोकलचा, लाऊडस्पीकरचा आवाज वजा केल्याशिवाय विमानाचा आवाज किती हे सांगणार कसं? फोनवरच्या डेसिबल ॲपने का होईना, ते सहा तास टिपायला हवे होते.

त्याने मात्र पान गाळलं. वहीवरून सरासरी काढताना तो दिवस शून्य धरला जात नाही, थेट नाहीसा होतो आणि सरासरी फुगते. "पाहिलं, पण नव्हतं" आणि "पाहिलंच नाही" या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कोऱ्या पानावर दोन्ही सारख्याच दिसतात.

उलटा प्रकारही होतो. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान मुख्य पट्टीवर उतरताना पुढे घसरलं आणि पट्टी काही दिवस बंद राहिली. वाहतूक १४/३२ वर गेली. त्या दिवसांत कुर्ल्याच्या गच्चीवर कुणी मोजत बसलं असतं, तर त्याच्या आकड्यांवरून मुंबईच्या वाहतुकीचा चुकीचा अंदाज निघाला असता. उड्डाणं कमी झाली होती हे खरं, पण बाकीची वेगळ्या मार्गाने जात होती. एका जागेवरून केलेली मोजणी त्या जागेपुरतीच खरी. म्हणून वहीत रोज कोणती पट्टी वापरात होती, याचा रकाना हवाच.

दुसरी गडबड फोटोंमध्ये होती. एमिरेट्सच्या दुमजली ए३८० चे वेगवेगळ्या कोनांतून फोटो, आणि इंडिगोची विमानं जवळजवळ गायब. "ती तर ढीगभर येतात, मेमरी भरली म्हणून काढून टाकली." छंद म्हणून ठीकच आहे, दुर्मिळ तेच साठवावं. पण त्या फोल्डरवरून कुणी अंदाज बांधला, तर मुंबईत बहुतेक विमानं दुबईहूनच येतात असं वाटेल.

कंटाळवाणा फोटो ठेवण्याचं महत्त्व पटवायला मी त्याला मायोर्काची गोष्ट सांगितली. स्पेनचं हे बेट, पाल्मा हे त्याचं शहर. पर्यटकांमुळे तिथला विमानतळ फार गजबजलेला असतो आणि स्पॉटर मंडळी तिथे कायम असतात. जानेवारी २००४ मध्ये तिथे एका साध्या पांढऱ्या बोइंग ७३७ चा फोटो एका हौशी छायाचित्रकाराने काढून ठेवला. अंगावर कंपनीचं नाव नाही, नक्षी नाही, फक्त क्रमांक: एन३१३पी. त्या काळात खालिद अल-मसरी नावाच्या जर्मन नागरिकाला मॅसेडोनियात चुकून संशयित समजून धरलं होतं. २३ जानेवारीला स्कोप्येच्या विमानतळावर त्याला सीआयएच्या ताब्यात दिलं गेलं आणि अफगाणिस्तानात नेलं. मे महिन्यात अल्बेनियात आणून सोडलं. परत येऊन तो सांगत होता, त्यावर सहज विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. पुढे पत्रकार आणि युरोपीय चौकशी अधिकारी उड्डाणांच्या सरकारी नोंदी शोधायला लागले, तेव्हा हेच विमान पाल्माहून स्कोप्येला आणि तिथून बगदादमार्गे काबूलला गेल्याचं निघालं. स्पॉटरच्या फोटोने त्या क्रमांकाला दिसणारं, तारीख असलेलं विमान जोडून दिलं. १३ डिसेंबर २०१२ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अल-मसरीच्या बाजूने निकाल दिला.

एकट्या फोटोने काहीच सिद्ध झालं नसतं, हेही लक्षात घ्या. अल-मसरीचं कथन, उड्डाणांच्या नोंदी आणि फोटो या तिन्हींचा स्रोत वेगळा होता, आणि तिन्हींच्या वेळा जुळल्या. त्यासाठी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असावं लागतं. आपल्या पोराचं ११ मिनिटांनी पुढे होतं. चालतं, फक्त ते "११ मिनिटं पुढे" कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. आणखी एक: एन३१३पी चा क्रमांक नंतर बदलण्यात आला. नोंदणी क्रमांक बदलू शकतो, कारखान्याचा अनुक्रमांक बदलत नाही. भारतातल्या व्हीटी ने सुरू होणाऱ्या क्रमांकांचंही तसंच. म्हणून जुन्या नोंदी जोडताना दोन्ही तपासायचे.

"पण आता ॲपवर सगळं दिसतं की," हा आक्षेप येणारच. ती ॲप्स विमानाने स्वतः प्रसारित केलेला संदेश जमिनीवरच्या रिसीव्हरने पकडला तरच दाखवतात. संदेश जवळजवळ सरळ रेषेत जातो. ३५,००० फुटांवरचं विमान सुमारे ४०० किलोमीटरवरून "ऐकू" येतं, १,००० फुटांवरचं सत्तरेक किलोमीटरवरून, तेही मध्ये डोंगर नसेल तर. म्हणून सडक अर्जुनीवरून पांढरी रेघ ओढत जाणारं विमान ॲपवर दिसण्याची शक्यता जास्त, आणि खाली घिरट्या घालणारं निसटण्याची. शिवाय काही मालक आपलं विमान अशा साइटवरून लपवायला लावतात. ॲप हा दुसरा साक्षीदार म्हणून घ्यावा.

घिरट्यांवरून बिरसी आठवलं. मुंबईला जायची सोय नसलेल्यांनी हताश होऊ नये; दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आपली गोंदियाची धावपट्टी आहेच, आणि तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. तिथला सापळा वेगळा. शिकाऊ वैमानिक तेच छोटं विमान घेऊन उतरतो, लगेच उडतो, पुन्हा फेरी मारतो. तुम्ही दिवसात ६० नोंदी केल्या, तरी विमानं कदाचित चारच असतील. ६० फेऱ्या म्हणजे ६० स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. आवाज मोजायचा असेल तर फेऱ्या मोजा. विमानांच्या प्रकारांबद्दल बोलायचं असेल तर तुमचा नमुना चारचाच.

आणि परवानगी. भारतात सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीशिवाय फोटो काढायला १९३७ च्या विमान नियमांतल्या १३ व्या नियमाने मनाई आहे. प्रवाशांसाठी पुढे थोडी सूट मिळाली. मामाची गच्ची विमानतळात येत नाही, तरी पोलिसांनी हटकलं तर वाद घालू नका. ग्रीसमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये लष्करी तळाजवळ वह्या घेऊन उभ्या असलेल्या १४ ब्रिटिश आणि डच स्पॉटरना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं होतं. आधी दोषी ठरवलं, वर्षभराने अपिलात सोडलं. कॉलेजचं पत्र खिशात असू द्या. पेपर पाठवताना मासिकवालेही ते मागतात.

आता राहिला मामींचा मुद्दा. त्यांची तक्रार रात्रीची होती आणि याची सगळी वही दिवसाची, कारण अंधारात फोटो येत नाही. म्हणजे ज्या वेळेबद्दल प्रश्न होता, नेमक्या त्याच वेळेची नोंद नाही. यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, दिवाळीत परत जाईन, रात्री कानानेच मोजेन.

जाण्याआधी त्याने पेन काढला आणि १६ आणि १८ च्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहायला लागला. मी म्हटलं, आजची तारीख टाक आणि "आठवणीतून" असं लिही. त्याने लिहिलं: "१७ ऑक्टोबर. ११ ते १ गच्चीवर होतो. एकही विमान नाही."

"आणि १ नंतर?"

"जेवलो. मग झोप लागली."

"तेही लिही."