बिऱ्हाड पाहावे शोधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. तालुक्याच्या गावी भाड्याची जागा शोधण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नसावा. नाहीतर या म्हणीला त्यांनी तिसरे शेपूट खात्रीने जोडले असते.

२०१२ च्या जूनमध्ये मी मराठीचा प्राध्यापक म्हणून वाईला रुजू झालो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या गावी बसून मराठी विश्वकोश उभा केला, त्या गावात मराठीच्या मास्तराला कोण जागा नाकारील, अशी माझी भाबडी समजूत! दलाल म्हणून कोणी नव्हता. ते काम वाणी, न्हावी आणि कॉलेजचा शिपाई आपसांत वाटून घेत.

आपण जागा पाहायला जातो हाही एक भ्रमच. खरे तर जागाच आपल्याला पाहत असते. नळाला पाणी किती वेळ येते, असे मी विचारावे, तर मालकांनी विचारावे, "मंडळी आणणार ना? खाणंपिणं काय?" आणि अखेरीस सुपारी कातरता कातरता, अगदी सहज, "आडनाव काय म्हणालात?" माझे आडनाव गावावरून पडलेले. त्यावरून कसलाच थांग लागत नाही. मग मूळ गाव, मग मामांचे आडनाव. चार दिवसांत माझी जितकी चौकशी झाली, तितकी नोकरीच्या मुलाखतीतही झाली नव्हती.

पाचव्या दिवशी गणपती आळीतल्या एका वाड्यात मालकीण आजींनी विचारले, "कुलदैवत?"

"खंडोबा."

"मग आपलेच की!"

खंडोबा कोणाचा नाही? पण 'आपलेच' म्हणजे कोण, हे मी विचारले नाही. दोन खोल्या हातच्या जात होत्या.

करार अकरा महिन्यांचा. एक वर्षाच्या आतला म्हणजे नोंदवायला नको, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. आजी म्हणाल्या, "आपल्यात कागद कशाला?" पण केला.

२०१६ मध्ये भूगोलाचे एक तरुण प्राध्यापक आमच्याकडे आले. मुसलमान. त्यांना आडनावावरून कोणी ताटकळत ठेवले नाही; नाव सांगताच काम होई. सकाळी रिकामी असलेली जागा दुपारी 'कालच दिली' असे. आमच्या वाड्यातल्या समोरच्या दोन खोल्यांना कुलूप होते. मी आजींना विचारले.

"मास्तर, मला काही नाही हो. पण आळीतले लोक काय म्हणतील? सांगा त्यांना, पुतण्याला लागणार आहेत."

आणि मी ते सांगितले! मराठीचा प्राध्यापक, शब्दांवर पोट भरणारा. पण त्या वेळी मला दुसरा शब्द सुचला नाही. ते हसले. म्हणाले, "सर, या गावात पुतणे फार आहेत."

आपल्या संविधानाचे पंधरावे कलम आहे. दुकाने, हॉटेले, सार्वजनिक विहिरी, रस्ते यांच्या वापरात धर्म किंवा जात पाहून कोणाला अडवता येत नाही, असे ते सांगते. त्या यादीत स्नानाचे घाटही आहेत. म्हणजे कृष्णेचा घाट सर्वांना मोकळा. घाटावरच्या वाड्याची ओसरी मात्र मालकाच्या मर्जीची. तिथे कलम पोचत नाही. शेजारी पोचू शकला असता. मी आजींपाशी दुसऱ्यांदा शब्द टाकला नाही.

प्राध्यापक अजून साताऱ्याहून एसटीने येतात. जाताना पस्तीस आणि येताना पस्तीस किलोमीटर. दिवाळीला आमच्याकडे फराळाला असतात. आजी त्यांच्या बशीत स्वतः चिवडा वाढतात, "लाजू नका हो" म्हणतात. चहा झाला की ते घड्याळ पाहतात आणि मी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला निघतो.

समोरच्या खोल्यांना कुलूप आहे. पुतण्या अद्याप आलेला नाही.