राजभवनातील दिवसांचा हिशेब

बंगळुरूच्या पूर्वेला, जुना विमानतळ रस्ता आणि बाह्यवर्तुळ मार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या मारतहळ्ळीत, दुकानांच्या पाट्यांवरची कन्नड अक्षरे अलीकडच्या काळात ठळक झाली आहेत. पुणे, कोल्हापूर, नागपूरहून माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांसाठी येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हा बदल येता-जाता दिसतो. मात्र पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये हवा, हा नियम ज्या मार्गाने आला त्या मार्गावर राजभवनाचाही एक थांबा होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात असेल. डिसेंबर २०२३ मध्ये कन्नड संघटनांनी इंग्रजी पाट्यांची मोडतोड केल्यानंतर सिद्धरामय्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये घाईने वटहुकूम काढायचे ठरविले. राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी तो परत पाठविला. अधिवेशन तोंडावर असताना वटहुकूम कशाला, विधेयकच आणा, असा त्यामागचा सूर होता. पुढच्याच महिन्यात ते विधेयक रीतसर संमत झाले.

राज्यपालांचा हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतात. सभागृहाला डावलून वटहुकूम काढण्याची सवय लागलेल्या सरकारांना असा चाप बसलेला बरा, असेही कोणी म्हणेल. प्रश्न वेगळाच आहे. विधेयक सभागृहातून बाहेर पडल्यापासून राजपत्रात छापले जाईपर्यंत त्याचे काय होते, किती दिवस होते आणि कोणाच्या मेजावर होते, याची सलग नोंद सामान्य नागरिकाला एका ठिकाणी सहजासहजी मिळत नाही. विधिमंडळाची कार्यवाही मतदानापाशी थांबते, तर राजपत्र सहीनंतर बोलू लागते. मधला काळ वृत्तपत्रांच्या त्रोटक बातम्यांत विखुरलेला असतो.

हा मधला काळ मोजण्याचे काम काही बिगरसरकारी संस्थांनी अंगावर घेतले. दिल्लीतील पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही त्यांतील सर्वांत परिचित. २००५ मध्ये सुरू झालेली ही संस्था आधी संसदेच्या कामकाजामुळे खासदारांना आणि पत्रकारांना ठाऊक झाली. नंतर तिने राज्यांच्या विधिमंडळांकडे मोर्चा वळविला. विधेयक कधी मांडले, कधी संमत झाले, राज्यपालांची संमती कधी मिळाली, अशा तारखा ती राज्याराज्यांतून गोळा करते. कोणत्याही विधेयकाची बाजू न घेण्याचा तिचा दंडक आहे. बंगळुरूतील जनाग्रह किंवा सिव्हिक यांसारख्या संस्थांचे तसे नाही. नागरी कायदे कसे असावेत यावर त्यांची ठाम मते आहेत आणि ती त्या उघडपणे मांडतात. परंतु दोन्ही प्रकारच्या संस्थांना पहिली गरज पडते ती तारखांचीच.

या नोंदींतून राजभवनाइतकाच विधिमंडळाचाही पंचनामा होतो, हे राज्य सरकारांना फारसे रुचत नाही. पीआरएसच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये राज्यांच्या विधानसभा सरासरी २० दिवस भरल्या आणि निम्म्याहून अधिक विधेयके मांडल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संमत झाली. २०२२ मध्ये हे प्रमाण ५६ टक्के होते. एका दिवसात विधेयक उरकणाऱ्या सरकारने राज्यपालांच्या महिनाभराच्या विलंबावर गळा काढावा, यात विनोद आहे. मात्र त्यामुळे राज्यपालांच्या विलंबाला समर्थन मिळत नाही.

कर्नाटकातील अलीकडची प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली, तर एक बारकावा नजरेत भरतो. घटनेच्या अनुच्छेद २०० प्रमाणे राज्यपाल विधेयकाला संमती देऊ शकतात, ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात किंवा धन विधेयक नसल्यास संमती रोखून संदेशासह सभागृहाकडे परत पाठवू शकतात. बृहद् बंगळुरू प्रशासन विधेयकाचा प्रवास मात्र निराळा झाला. जुलै २०२४ मध्ये मांडलेले हे विधेयक रिझवान अर्शद यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. मार्च २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. त्यानंतर राज्यपालांनी स्पष्टीकरणे मागत ते परत पाठविले. ते गेले सरकारकडे. सरकारने खुलासा केला आणि एप्रिलच्या अखेरीस सही झाली. ज्या सभागृहांनी ते संमत केले होते, त्यांच्यापुढे राज्यपालांचे आक्षेप पुनर्विचारासाठी आलेच नाहीत. मंदिरांच्या उत्पन्नासंबंधीचे २०२४ मधील विधेयकही असेच सरकारकडे परतले होते.

फायलीवर शेरा मारून खुलासा मागविणे ही प्रशासनातील नित्याची रीत आहे आणि सचिवालयात वावरणाऱ्या अधिकाऱ्यांना तिच्यात वावगे वाटणार नाही. परंतु सभागृहाने संमत केलेले विधेयक म्हणजे खात्याची फाईल नव्हे. राज्यपालांचा संदेश सभागृहात आला असता, तर त्यावर चर्चा झाली असती आणि विरोधकांना बोलता आले असते. राजभवन आणि सचिवालय यांच्यातील पत्रव्यवहार यांपैकी काहीच घडू देत नाही. तारखांची वही ठेवणाऱ्यांनाही अशा प्रकरणात नेमके काय लिहावे, असा पेच पडतो.

या विधेयकाचे परिणाम मारतहळ्ळीत थेट पोहोचले. कायदा १५ मे २०२५ पासून अमलात आला, २ सप्टेंबर २०२५ रोजी जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या आणि महादेवपुरा विधानसभा क्षेत्रातील हा परिसर पूर्व महापालिकेत गेला. जुन्या महापालिकेतील नगरसेवकांची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली होती. म्हणजे विभाजन झाले तेव्हा जवळजवळ पाच वर्षे येथील रहिवाशांना निवडून दिलेला नगरसेवकच नव्हता. गटार तुंबले तर जायचे कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर अशा वेळी एका राज्य कायद्यात आणि त्यावरील एका सहीत दडलेले असते.

सही लवकरही होऊ शकते, हे त्याच राजभवनाने दाखवून दिले. सूक्ष्म वित्तसंस्थांच्या वसुलीला लगाम घालणारा वटहुकूम राज्यपालांनी ७ फेब्रुवारी २०२५ रोजी परत केला. १० वर्षांची कैद आणि ५ लाखांचा दंड ही शिक्षा कर्जाच्या रकमेच्या मानाने अवाजवी असल्याचा त्यांचा आक्षेप होता. वटहुकूम पुन्हा गेला आणि १२ फेब्रुवारीला सही झाली. याउलट सरकारी कंत्राटांत मुस्लिमांना ४ टक्के आरक्षण देणारे मार्च २०२५ मधील विधेयक त्यांनी पुढच्याच महिन्यात राष्ट्रपतींसाठी राखून ठेवले. अनुच्छेद २०१ मध्ये राष्ट्रपतींना कोणतीही मुदत नाही.

मराठी वाचकाला या वाटेची ओळख करून द्यायला नको. महाराष्ट्राचे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केले आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले. संमती येण्यापूर्वीच, ज्या भारतीय दंड संहितेत ते दुरुस्ती करणार होते ती संहिताच १ जुलै २०२४ रोजी रद्द होऊन तिच्या जागी न्याय संहिता आली. विधान परिषदेवरील १२ नामनियुक्त सदस्यांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये वाजवी मुदतीची आठवण करून दिली, तरीही निर्णय झाला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली.

राजभवनाकडे पाहण्याची पक्षांची दृष्टी सत्तेप्रमाणे बदलते, यातही नवे काही नाही. कर्नाटकात २०१० मध्ये भाजप सरकारचे गोहत्याबंदी विधेयक हंसराज भारद्वाज राज्यपाल असताना राष्ट्रपतींकडे जाऊन अडकले, तेव्हा भाजपला राज्यपालांचे अधिकार खुपत होते. आज तीच तक्रार काँग्रेस करते. त्याही आधी, एप्रिल १९८९ मध्ये, एस. आर. बोम्मई यांचे सरकार राज्यपालांच्या अहवालावरून बंगळुरूतच बरखास्त झाले होते. बहुमत राजभवनात नव्हे तर सभागृहात मोजावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा दंडक त्यातूनच जन्मला.

दिवस मोजण्याला कायद्याचे खरे वजन आले ते २०२५ मध्ये. ८ एप्रिल रोजी तामिळनाडूच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यपालांना आणि राष्ट्रपतींना मुदती घालून दिल्या आणि रखडलेल्या १० विधेयकांना संमती मिळाल्याचे मानले. त्यावर राष्ट्रपतींनी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला १४ प्रश्न विचारले. २० नोव्हेंबर रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिले: न्यायालय मुदत ठरवू शकत नाही, आणि संमती मिळाल्याचे मानून चालता येत नाही. त्याचबरोबर राज्यपालांना विधेयकावर बसून राहता येणार नाही, आणि विलंब प्रदीर्घ, अनाकलनीय व अनिश्चित असेल तर गुणदोषांत न शिरता निर्णय घ्या एवढे न्यायालय सांगू शकेल, हेही पीठाने स्पष्ट केले.

म्हणजे ठरावीक मुदतींची सरळ रेघ पुसली गेली आणि तिच्या जागी ‘प्रदीर्घ’ हे विशेषण आले. विशेषण सिद्ध करावे लागते. कोणते विधेयक कोणत्या दिवशी राजभवनात पोहोचले, खुलासा केव्हा मागविला, उत्तर केव्हा गेले, तत्सम विधेयकांना किती दिवस लागले, हे न्यायालयापुढे मांडल्याशिवाय विलंब अनाकलनीय ठरणार नाही. राज्य सरकार हे मांडू शकते, पण सरकारला सोयीचे तेवढेच ते मांडील. सरकार आणि राजभवन एकाच पक्षाच्या प्रभावाखाली असतील, तर कोणीच काही मांडणार नाही. अशा राज्यांत बाहेरच्या संस्थेची नोंद हाच एकमेव पुरावा उरेल. या मतानंतर राजभवनांनी विधेयकाच्या आवक-जावक तारखा स्वतःहून प्रसिद्ध कराव्यात, ही मागणी खरे तर सर्व पक्षांनी एकमुखाने करायला हवी होती.

तरीही या वहीला एक मर्यादा आहे. मारतहळ्ळीतील मराठी अभियंत्यांची झोप ज्याने सर्वाधिक उडविली, ते खासगी उद्योगांत व्यवस्थापकीय पदांपैकी ५० टक्के आणि इतर पदांपैकी ७० टक्के जागा स्थानिकांना राखून ठेवणारे विधेयक तीत सापडत नाही. जुलै २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ते मंजूर केले, उद्योगांनी ओरड केली आणि १७ जुलै रोजी ते स्थगित झाले. ते सभागृहापुढे मांडले गेले नाही, राजभवनाकडे गेले नाही. त्यामुळे मोजणीला आरंभाची तारीखच नाही.