मधुमेह असताना सहकाऱ्यांसोबत हॉटेलात जेवताना: गोळी आणि इन्सुलिनची वेळ सांभाळा

जालन्यात औद्योगिक वसाहतीतल्या स्टील कारखान्यांत, बियाणे कंपन्यांत किंवा सरकारी कार्यालयांत काम करणाऱ्यांचे दुपारचे जेवण बहुधा डब्याचे असते आणि त्याची वेळही ठरलेली असते. मग एखादे नवीन हॉटेल सुरू होते आणि सगळे मिळून तिथे जायचे ठरते. मधुमेह असलेल्या व्यक्तीने अशा वेळी मागे राहण्याची गरज नाही. मात्र काळजी फक्त 'काय खावे' याची नसते, 'केव्हा खावे' याचीही असते.

नेमका धोका कुठे असतो?

समजा, तुम्ही रोज दीड वाजता जेवता. हॉटेलात पोहोचताच सवयीने इन्सुलिन घेतले. पण गर्दी आहे, दहा जणांची ऑर्डर आहे आणि जेवण यायला पाऊण तास लागला. पोटात अन्न नसले तरी इन्सुलिन आपले काम सुरू करते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यामुळे या गोळ्या सकाळी घेतल्या असतील आणि दुपारचे जेवण लांबले, तरीही साखर उतरू शकते. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये असे क्वचितच होते.

साखर कमी झाल्याची लक्षणे

- दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधड
- खूप भूक लागणे, डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी
- चिडचिड, असंबद्ध बोलणे, गुंगी

रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या चालू असतील, तर धडधड आणि थरथर जाणवेलच असे नाही. घाम मात्र येऊ शकतो.

लगेच काय करावे?

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल, किंवा तपासायची सोय नसेल पण लक्षणे असतील, तर थांबू नका.

१. तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर (सुमारे १५ ग्रॅम) पाण्यात विरघळवून प्या. आपल्याकडच्या मोसंबीचा एक छोटा ग्लास रसही चालेल.
२. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बरे वाटत नसेल किंवा साखर अजून कमीच असेल, तर तेच पुन्हा करा.
३. बरे वाटल्यावर पोळी किंवा भात खा. जेवण अजून आले नसेल, तर चार बिस्किटे खा.

आइस्क्रीम किंवा चॉकलेटमधील स्निग्ध पदार्थांमुळे साखर हळू वाढते. 'डाएट' शीतपेयात साखरच नसते, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर साधी साखर लवकर पचत नाही. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी.

सहकाऱ्यांसाठी

व्यक्ती बेशुद्ध असेल किंवा तिला गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तिला कुशीवर झोपवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.

जाण्यापूर्वीची तयारी

- जेवणाआधीचे इन्सुलिन किंवा गोळी हॉटेलात पोहोचल्यावर नव्हे, ताट समोर आल्यावर घ्या. जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे इन्सुलिन असेल, तर अशा दिवशी काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. उशिरा घेतल्याने जेवणानंतर साखर थोडी वाढेल, पण उपाशीपोटी घेतलेले इन्सुलिन अधिक धोकादायक असते.
- नेहमीची जेवणाची वेळ टळत असेल, तर मूठभर फुटाणे किंवा एखादे फळ आधी खा.
- खिशात ग्लुकोज पावडर ठेवा. शेजारी बसणाऱ्या एका तरी सहकाऱ्याला आपला आजार सांगून ठेवा.
- उपाशीपोटी मद्य घेऊ नका. त्याने साखर आणखी उतरते आणि लक्षणे नशा समजून दुर्लक्षिली जातात.

ताटात काय घ्यावे?

सुरुवातीला काकडी-टोमॅटो, मग डाळ, भाजी किंवा तंदूरमधले चिकन अथवा पनीर घ्या. मैद्याच्या नानपेक्षा ज्वारीची भाकरी किंवा गव्हाची रोटी बरी. मात्र 'आज गोड खाल्ले' म्हणून मनानेच जादा गोळी घेऊ नका.

साखर उतरली असेल, तर बरे वाटताच मोटारसायकलला किक मारू नका. साखर पूर्ववत झाल्यावरही किमान पाऊण तास वाहन किंवा यंत्र चालवू नका. आणि पुढच्या भेटीत हा प्रसंग डॉक्टरांना जरूर सांगा, कारण कदाचित तुमच्या औषधाची मात्रा बदलावी लागेल.