मुहूर्त काढण्याआधी व्हिसाचा प्रकार विचारा

अमेरिकेतल्या मुलाशी किंवा मुलीशी लग्न ठरले की घरात व्हिसाची चर्चा सुरू होते, आणि तिच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते: लग्न झाले की नवराबायकोला एकत्र राहू द्यावेच लागते, उरते ती फक्त कागदपत्रांची धावपळ. ही समजूत कायद्याला धरून नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये म्यूनोझ खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितले, की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा अमेरिकी नागरिकाचा मूलभूत हक्क ठरत नाही. त्या खटल्यातली पत्नी अमेरिकी नागरिक होती आणि लग्न २०१० मध्ये झालेले होते. तरीही एल साल्वाडोरच्या तिच्या नवऱ्याचा व्हिसा वकिलातीने नाकारला आणि न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. निकाल कठोर आहे, अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी तसे लिहिलेही आहे. पण संसाराची आखणी करणाऱ्यांनी तो वस्तुस्थिती म्हणून धरायला हवा. लग्नामुळे अर्ज करण्याची पात्रता येते. कोणता अर्ज, किती वर्षे थांबायचे, तिथे गेल्यावर नोकरी करता येईल की नाही, हे सारे ठरते तिथल्या जोडीदाराच्या कायदेशीर दर्जावर आणि लग्न कधी, कुठे, कशा पद्धतीने लागले यावर. म्हणून व्हिसाचा विचार लग्नानंतर करायचा नसतो, तारीख धरण्याआधी करायचा असतो.

‘मुलगा अमेरिकेत सेटल आहे’ या एका वाक्यात आपण तीन अगदी वेगळ्या परिस्थिती एकत्र करतो. तो अमेरिकी नागरिक असेल तर त्याच्या पत्नीसाठीच्या व्हिसांवर वार्षिक संख्येची मर्यादा नसते. वेळ लागतो तो अर्जाच्या छाननीचा. तो ग्रीन कार्डधारक असेल तर पत्नीचा अर्ज एफ-२ए या गटात जातो, तिथे दरवर्षीचा कोटा आहे आणि रांगही आहे. आणि तो एच-१बी व्हिसावर असेल तर तो स्वतःच तात्पुरता रहिवासी असतो; पत्नी एच-४ वर जाते, शिकू शकते, पण तेवढ्यावर तिला नोकरी करता येत नाही. ‘आता एच-४ वाल्यांनाही काम करता येते’ हे अर्धसत्य आहे. मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार एच-४ वरच्या जोडीदाराला काम करण्याचा परवाना मागता येतो, पण मुख्यतः तेव्हा, जेव्हा नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असतो. तो नसेल तर पुण्यात चांगल्या पगारावर काम करणारी इंजिनिअर मुलगी तिथे गेल्यावर कित्येक वर्षे बिनपगारी राहू शकते. शिवाय नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्यामुळे भारतीयांची रांग फार लांब आहे. ‘दोनतीन वर्षांत ग्रीन कार्ड होईलच’ असे आश्वासन कोणी देत असेल तर त्याला आधार विचारावा.

या रांगेशी निगडित एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसल्याने जोडपी वर्षानुवर्षे ताटातुटीत काढतात. नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळणाऱ्या माणसाचे लग्न कार्ड मिळण्याच्या आधी झालेले असेल, तर पत्नीला त्याच अर्जाच्या आधाराने नंतरही जाता येते. लग्न कार्ड मिळाल्यानंतर झाले तर ती वाट बंद; मग एफ-२ए ची रांग, किंवा तो नागरिक होईपर्यंत थांबणे. म्हणजे लग्नाची तारीख काही दिवसांनी मागेपुढे झाली तर निकाल पूर्ण बदलू शकतो. ‘आधी कार्ड हातात पडू दे, मग निवांत लग्न करू’ हा सल्ला वडीलधारी मंडळी मायेने देतात, पण या एका परिस्थितीत तो नेमका उलटा पडतो.

नागरिकाशी लग्न ठरलेल्यांना दुसरा मोह पडतो तो के-१, म्हणजे वाग्दत्त जोडीदाराच्या व्हिसाचा. तो झटपट आणि सोपा असतो, असे सर्रास मानले जाते. हा व्हिसा फक्त अमेरिकी नागरिकाला मागवता येतो, ग्रीन कार्डधारकाला नाही. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते. त्यातून सूट आहे, पण ती अपवादात्मक. अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न करावे लागते आणि ही मुदत वाढत नाही. त्यानंतर तिथे बसून ग्रीन कार्डाचा नवा अर्ज, वेगळे शुल्क, वेगळी प्रतीक्षा. कामाचा आणि प्रवासाचा परवाना येईपर्यंत नोकरीही नाही आणि आईवडिलांना भेटायला येणेही नाही. याउलट भारतात लग्न करून पत्नी म्हणून सीआर-१ व्हिसावर गेलेली स्त्री विमानतळावर उतरते तीच कायम रहिवासी म्हणून, आणि लगेच काम करू शकते. भारतीय जोडप्यांसाठी मला सीआर-१ जवळजवळ नेहमीच सरस वाटतो. के-१ ला खरा अर्थ आहे तो जिथे इथे लग्नच होऊ शकत नाही तिथे. समलिंगी जोडप्यांचे उदाहरण स्पष्ट आहे: अमेरिकेत २०१३ पासून त्यांना व्हिसात समान वागणूक मिळते, तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला.

के-१ चा अर्ज टाकून मधल्या सुट्टीत इथे वैदिक पद्धतीने लग्न उरकण्याची कल्पना तर धोक्याची आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे, सप्तपदी हा ज्या विधीचा भाग आहे तिथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो; नोंदणी झाली नाही म्हणून तो अपुरा राहत नाही. म्हणजे ती मुलगी कायद्याने पत्नी झाली आणि वाग्दत्त वधूचा व्हिसा तिला लागू उरला नाही. याच चुकीची दुसरी बाजू अधिक प्रचलित आहे: व्हिसाच्या घाईसाठी आधी कागदावर नोंदणी करायची आणि विधी पुढच्या हिवाळ्यात. एप्रिल २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन वैमानिकांच्या प्रकरणात स्पष्ट केले, की विधी झालेच नसतील तर हिंदू विवाहाचे नोंदणीपत्र नुसता कागद ठरते, त्याने विवाह सिद्ध होत नाही. व्हिसासाठी अशी नोंदणी करून ठेवण्याच्या प्रथेचा न्यायालयाने तिथे उल्लेखही केला. ज्यांना आधी कायदेशीर विवाह आणि नंतर सोहळा हवा आहे त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांसह झालेला विवाह विधींशिवाय पूर्ण वैध असतो. फक्त ३० दिवसांची नोटीस लागते, त्यामुळे पंधरा दिवसांच्या रजेवर आलेल्यांना ती आधीच आखावी लागते. व्हिडिओ कॉलवरून, दोघे एकमेकांसमोर नसताना लागलेले लग्न मात्र, त्यानंतर दोघांचे प्रत्यक्ष सहजीवन सुरू झाल्याखेरीज, अमेरिकी व्हिसा कायदा धरत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: ‘पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच लग्न करून राहिलेले कितीतरी जण आहेत, त्यांचे काय बिघडले?’ आक्षेपात तथ्य आहे. पर्यटक व्हिसावर असताना लग्न करणे हा गुन्हा नाही. कायदेशीर मार्गाने देशात आलेल्या आणि नंतर नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीला तिथूनच ग्रीन कार्डाचा अर्जही करता येतो. अडचण आहे ती प्रवेशाच्या वेळी काय सांगितले यात. ‘फिरायला आलो’ असे सांगताना मनात लग्न करून कायमचे राहायचे होते असे ठरले, तर ते हेतुपुरस्सर खोटे निवेदन होते, आणि त्याची शिक्षा म्हणजे कायमची प्रवेशबंदी. तिच्यातून सवलत मागता येते, पण ती मिळणे अवघड असते. ज्यांचे निभावले त्यांच्या कहाण्या आपल्याला ऐकू येतात. विमानतळावर फोनमधले संदेश वाचून परत पाठवलेल्यांच्या घरी कोणी त्याबद्दल बोलत नाही.

‘आपली ठरवून केलेली लग्ने तिकडच्या अधिकाऱ्यांना पटत नाहीत’ ही भीतीही तपासून पाहावी. कायद्याची कसोटी प्रेमविवाहाची नाही. लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा हेतू होता का, एवढेच पाहिले जाते. ठरवून केलेल्या लग्नात त्याचा पुरावा उलट भरपूर असतो: दोन्ही कुटुंबांच्या भेटी, लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती, नातलगांसह फोटो. फसतात ती जोडपी, ज्यांची मुलाखतीतली उत्तरे एजंटाने पाठ करून घेतलेली असतात. खोट्या लग्नांबाबतचा १९८६ चा कायदा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड सांगतो, आणि अर्जावर सही एजंटाची नसते, तुमची असते.

त्याच १९८६ च्या कायद्यातून सशर्त ग्रीन कार्डाची पद्धत आली. लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मिळालेले कार्ड दोन वर्षांचेच असते आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून शर्त काढण्याचा अर्ज करायचा असतो. या ‘दोघांनी मिळून’मुळे सर्वांत घातक गैरसमज जन्मतो. नवरा किंवा सासर धमकावते, ‘सही केली नाही तर परत जावे लागेल,’ आणि मुलगी मार सोसत राहते. ही धमकी खरी नाही. घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल, तर एकटीने अर्ज करण्याची सूट कायद्यात आहे. १९९४ च्या महिला अत्याचारविरोधी कायद्यानुसार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याचा छळ सोसणाऱ्या पत्नीला त्याच्या मदतीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. नवऱ्याला त्याची खबर दिली जात नाही, आणि ही तरतूद छळ सोसणाऱ्या पुरुषांनाही लागू आहे. एच-४ वरच्या पीडित स्त्रीलाही स्वतंत्रपणे कामाचा परवाना मागता येतो. शिवाय कायम रहिवासाचा व्हिसा मागवताना नवऱ्याने तिच्या आर्थिक आधाराचे जे शपथपत्र दिलेले असते, ते नुसत्या घटस्फोटाने रद्द होत नाही. मुलगी विमानात बसण्याआधी हे तिला आणि तिच्या आईवडिलांना ठाऊक असणे मला बाकी सगळ्या माहितीहून महत्त्वाचे वाटते.

नियम सतत बदलतात, मग हे शिकून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. शुल्क, प्रतीक्षेचा काळ, फॉर्म बदलतात, म्हणून ते अर्जाच्या दिवशी अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावरच पाहावेत. पण चौकट टिकून आहे: के-१ १९७० पासून आहे, सशर्त कार्ड १९८६ पासून, आणि नागरिक व ग्रीन कार्डधारक यांच्यातला फरक त्याहून जुना.

लग्नाच्या बैठकीत पगार, घर आणि पत्रिका आपण नि:संकोच विचारतो. तितक्याच मोकळेपणाने मुलाचा किंवा मुलीचा नेमका दर्जा विचारा, एच-१बी असेल तर आय-१४० मंजूर आहे का हे विचारा, आणि मंजुरीच्या कागदाची प्रत मागा. खरे स्थळ या प्रश्नाने दुखावत नाही. आणि त्या कागदाची एक प्रत जाणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या बॅगेत, तिच्या पासपोर्टसोबत असू द्या.