दुखणे अंगावर काढणे



घरातील कर्त्या माणसाने दुखणे अंगावर काढले, तर आपण त्याला रागावतो. पण तालमीतील किंवा खोखोच्या मैदानावरील मुलाने तेच केले, की त्याची पाठ थोपटतो. पाय दुखत असताही सराव न चुकवणारा मुलगा आपल्याला जिद्दीचा वाटतो. ही जिद्द केव्हा घात करते, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम शरीराचा व्यवहार पाहू. हाड ही जिवंत वस्तू आहे. धावण्या-उडण्याच्या ताणाने त्यात सूक्ष्म तडे पडतात. शरीर तो भाग आधी पोखरून काढते आणि मग तेथे नवे हाड भरते. काढण्याचे काम लवकर होते, भरण्याचे सावकाश. गवंड्याने भिंतीच्या जुन्या विटा काढल्या आहेत, नव्या अजून बसल्या नाहीत, आणि तेवढ्यात वर भार चढवला, तर भिंत खचणारच. विश्रांतीवाचून सराव चालू ठेवला, की हाडाची तीच गत होते; तडा वाढत जातो व प्रसंगी हाड मोडते. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी शल्यवैद्याने कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले. त्यामागे हाडाचा तडा असतो, हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर उमगले. परंतु पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रातही तो पुष्कळदा दिसत नाही. 'फोटोत काही नाही' एवढ्यावर मैदानात परतणारा खेळाडू तेथेच फसतो.

मुरगळलेल्या घोट्याचेही असेच. सूज काही दिवसांत उतरते. पण सांधा आवळून धरणारा बंध बळकट होण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्याआधी खेळल्यास घोटा सैल राहतो व वारंवार मुरगळतो. शिवाय लंगडत केलेल्या सरावाचा भार दुसऱ्या पायावर, गुडघ्यावर, कमरेवर पडतो. वेदनाशामक गोळीने वेदना थांबते, इजा तशीच राहते. पहारेकऱ्याला झोपवल्याने चोर निघून जात नाही.

२०२२ सालची दोन उदाहरणे पाहा. जुलैमध्ये यूजीन येथील जागतिक स्पर्धेत ८८.१३ मीटर भाला फेकून नीरज चोप्राने रौप्यपदक मिळवले, पण जांघेचा स्नायू दुखावला. बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा तोंडावर असताना त्याने माघार घेतली. महिनाभराने, २६ ऑगस्टला, लोझान येथे त्याने ८९.०८ मीटर फेक करून स्पर्धा जिंकली. त्याच बर्मिंगहॅमला पी. व्ही. सिंधू घोट्याच्या वेदनेसह खेळली आणि तिने सुवर्णपदक जिंकले. नंतरच्या तपासणीत डाव्या घोट्याच्या हाडाला तडा आढळला. जागतिक स्पर्धा हुकली आणि ती जानेवारी २०२३ मध्येच परतू शकली. तिच्या निर्धाराला कोणी नावे ठेवू नयेत. आयुष्यातील मोठ्या सामन्यासाठी जाणत्या खेळाडूने मोजलेली ती किंमत होती. मंगळवारच्या नेहमीच्या सरावासाठी चौदा वर्षांच्या मुलाने ती का मोजावी?

मग दुखले की घरी बसावे काय? तसेही नव्हे. नव्या व्यायामानंतर दोन्ही मांड्या भरून येतात आणि दोन-चार दिवसांत मोकळ्या होतात. त्याला भिऊ नये. पण एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल अशी वेदना, दर दिवशी वाढणारी, सूज आणणारी, लंगडायला लावणारी किंवा रात्री झोपमोड करणारी असेल, तर सराव थांबवून वैद्याला दाखवावे. डोक्याला मार बसून गरगरले, तर त्या दिवशी पुन्हा खेळूच नये. विश्रांती म्हणजे अंथरूण धरणेही नव्हे. वैद्याच्या सल्ल्याने पोहणे वा इतर अवयवांचा व्यायाम चालू ठेवता येतो आणि खेळाकडे पायरीपायरीने परतता येते.

पालकांना व वस्तादांना एकच विनंती आहे. दुखते असे सांगणाऱ्या मुलाला भित्रा म्हणू नका. एकदा तसे म्हटले, की पुढच्या वेळी तो दुखणे लपवील, आणि आपल्याला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.