वांदरान पेरू खाल्लान

पहाटे साडेपाच. मिरकरवाड्याला बोटी लागतायत, टोपल्या उतरतायत, लिलावाची ओरड सुरू झालीय. रेकॉर्डिंगला शांत खोली हवी, असं पुस्तकात असतं. इथे रेकॉर्डर मी काढतच नाही, नुसती ऐकते. खलाशांमध्ये नेपाळी बरेच. त्यांच्या भाषेत भूतकाळात कर्त्याला 'ले' लागतो आणि तरीही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं. रत्नागिरीच्या बोलीत मी जे शोधतेय, त्याच्या जवळपासचंच हे. पण माझा विषय मराठी, तेव्हा चहा पिऊन एसटी स्टँड.

दहा वाजता वाडीतल्या आजींकडे. संमतीपत्र वाचून दाखवलं, शाईचा पॅड पुढे केला तर म्हणाल्या, "सही येते गो मला."

माझा लघुप्रबंध एका 'न'वर आहे. पुस्तकी मराठीत 'त्याने आंबा खाल्ला', 'त्याने पोळी खाल्ली'. क्रियापद कर्माकडे बघतं. इकडे 'खाल्लान', 'खाल्लीन'. कर्माचं लिंग-वचन सांभाळून शेवटी कर्त्याचीही खूण. आम्ही बाहेरचे हसतो, पण 'तू आंबा खाल्लास' म्हणताना तोच 'स' आपणही लावतो. स्पर्धा परीक्षावाले त्याला कर्तृकर्मसंकर प्रयोग म्हणून पाठ करतात. प्रमाण मराठी द्वितीय पुरुषापाशी थांबली, रत्नागिरी तृतीय पुरुषापर्यंत गेली, एवढंच.

लॅपटॉपवर क्लिप लावली. माणूस नारळ फोडतो. "आजी, काय झालं?"

"त्याने नारळ फोडला."

दुसरी क्लिप, तिसरी क्लिप. सगळं शाळेतल्या बाईंना ऐकवावं तसं शुद्ध. विल्यम लबॉव यांनी या पेचाला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलंय: कोणी ऐकत नसताना माणसं कशी बोलतात ते हवं असतं, आणि ते मिळवायला समोर आपणच बसलेले असतो. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ सालचा. त्यांनी गावोगावी बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट बोलीत उतरवून मागवली होती. कागदावर मागितलेली बोली कितपत खरी, ही शंका मला तो खंड वाचताना नेहमी येते.

मग कौलांवर धडधड झाली. आजी काठी घेऊन परसात. "मेल्या वांदरान पेरू खाल्लान, अर्धा टाकलान! आणि ही चादर फाडलीन बघ!" रेकॉर्डर ओटीवर चालूच होता. पुल्लिंगी दोन, स्त्रीलिंगी एक, पाठीमागे कुत्र्याचं भुंकणं. रेकॉर्डर चालूच राहणार हे सकाळी सांगितलं होतं, तरी हा तुकडा त्यांना परत ऐकवून वापरू का म्हणून विचारलं. "वापर, पण मेल्या काढ त्यातला." नाही काढता येणार, म्हटलं. हसल्या.

जेवण त्यांच्याकडेच. आग्रहापुढे कुठलीच संशोधनपद्धती टिकत नाही.

तीन वाजता शहरातलं १८२८ सालचं नगर वाचनालय. मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) सध्या माझ्या उशाशी असतं, इथे बसून त्यातलं प्रयोगांचं प्रकरण पुन्हा वाचते. दामले कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ, रत्नागिरीजवळच्या मालगुंडच्या घरातले. धाकट्याचं नाव भाषेच्या वर्गाबाहेर कुणी घेत नाही. मला हा अन्याय वाटतो.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर चक्कर, काम काही नाही.

रात्री नऊपासून इलॅन या सॉफ्टवेअरमध्ये टिपण. मिनिटभराच्या बोलण्याला तासभर सहज जातो: एका ओळीत उच्चार, खाली पदांची फोड, खाली अर्थ. खा-ल्ल-आ-न. 'आ' पेरूचा, 'न' वांदराचा. कुत्र्यामुळे 'फाडलीन'चा शेवट बुजलाय, तेव्हा प्राटमध्ये ध्वनीचं चित्र मोठं करून बघितलं. अनुनासिकाची पट्टी आहे, सुटले.

मार्गदर्शक मॅडमचा फोन साडेदहाला. ऐकून खूश झाल्या, आणि लगेच: "कर्माला 'ला' असेल तेव्हा? 'पोराला मारलं'चं काय होतं?" माझ्याकडे एकही उदाहरण नाही. विचारून मिळणार नाही हे आता कळलंय. पण शेजाऱ्यांशी बांधावरून झालेली मारामारी आजींना पहिल्या दिवसापासून सांगायचीय, मीच क्लिपांच्या नादात टाळत होते. उद्या लॅपटॉप नेणार नाही.